वादळापूर्वीचा शेजारधर्म

दि. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या (तेव्हाच्या ओरिसाच्या) किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात अधिकृत गणनेप्रमाणे दहा हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. दि. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच राज्याच्या किनाऱ्यावर, गोपाळपूरजवळ, 'फायलिन' नावाचे अतितीव्र चक्रीवादळ धडकले. या खेपेस मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. समुद्र तोच, किनारा तोच, गरिबीही बव्हंशी तीच. मग मधल्या चौदा वर्षांत बदलले काय?

दुसरे वादळ पहिल्याइतके भीषण नव्हते, हे प्रथमच सांगितले पाहिजे. १९९९ साली वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता आणि समुद्राचे पाणी पाच-सहा मीटर उंचीच्या भिंतीसारखे आत घुसले होते. २०१३ साली वारा ताशी २०० किलोमीटरच्या पुढे असला, तरी भरतीची लाट पुष्कळच कमी उंचीची होती. तेव्हा श्रेयाचा काही वाटा निसर्गाकडे जातो. तथापि दहा हजार आणि पन्नास यांमधील सर्व अंतर केवळ वाऱ्याच्या वेगाने भरून निघत नाही. उरलेले अंतर माणसांनी कापले आहे. ते कसे कापले, याचा इतिहास आपल्या वाचकांसमोर मांडावा, असे आम्हांस वाटते. कारण आपला बराचसा समाज समुद्राच्या काठी राहतो आणि 'शेजाऱ्यावर प्रीती' हा शब्द आपण दर रविवारी ऐकतो.

ज्ञान होते, पोच नव्हती

बंगालच्या उपसागरातील वादळांचे शास्त्र काही नवे नाही. 'सायक्लोन' हा शब्दच मुळी कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन या तेथील अधिकाऱ्याने १८४८ साली सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ देणाऱ्या ग्रीक शब्दावरून तो घडविला. याच पिडिंग्टनने १८५३ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना पत्र लिहून, मातला नदीच्या मुखाशी बंदर बांधू नका, एखाद्या वादळात समुद्र ते गिळून टाकील, असा इशारा दिला होता. सरकारने बंदर बांधलेच. त्याला पोर्ट कॅनिंग असे नाव मिळाले आणि १८६७ सालच्या वादळाने ते उद्ध्वस्त केले. तोवर पिडिंग्टन हयात नव्हता.

मधल्या काळात, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कलकत्त्यावर आलेल्या वादळाने सुमारे साठ हजार माणसांचे प्राण घेतले. त्यानंतरच कलकत्ता बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था १८६५ साली सुरू झाली आणि १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. परंतु ही सूचना कोणासाठी होती? ती जहाजांसाठी होती. बंदरात खांबावर चढविलेली खूण कप्तानाला कळत असे. किनाऱ्यावरच्या झोपडीत राहणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता.

ओडिशाच्या इतिहासात याहूनही कटू असा एक अध्याय आहे. १८६६ सालचा दुष्काळ तेथे 'नअंक' या नावाने आजही स्मरला जातो. कटकहून मागितलेले धान्य कलकत्त्याच्या सरकारने वेळेवर पाठविले नाही. परिस्थितीचे गांभीर्य वरिष्ठांना पटले तेव्हा पावसाळा सुरू झाला होता आणि किनाऱ्याला लागलेल्या जहाजांतून तांदूळ उतरविणे दुरापास्त झाले होते. सुमारे दहा लाख लोक मेले. तांदूळ होता, पैसा होता, अधिकारीही होते. त्या सर्वांना वेळेवर एकत्र आणणारी व्यवस्था नव्हती. पुढे हिंदुस्थानात ज्या दुष्काळ संहिता तयार झाल्या, त्यांच्यामागे या अनुभवाची सावली होती. ओडिशातील विशेष मदत आयुक्त हे पद आणि तेथील मदत संहिता ही त्याच परंपरेतील अपत्ये होत. मात्र 'मदत' या शब्दाचा रोख आपत्तीनंतरच्या कामावर होता. आपत्तीपूर्वी काय करायचे, हा प्रश्न मागेच राहिला.

वादळे येतच राहिली. १८८५ च्या सप्टेंबरात फॉल्स पॉइंट येथील दीपगृहाजवळ एक भयंकर वादळ धडकले. ३० ऑक्टोबर १९७१ रोजी पारादीपजवळ आणखी एक आले आणि त्यात सुमारे दहा हजार लोक बळी पडले. हा दिनांक व आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. बरोबर अठ्ठावीस वर्षांनी, जवळजवळ त्याच दिवशी, जवळजवळ त्याच ठिकाणी, जवळजवळ तितकीच माणसे पुन्हा मरावयाची होती. १९७१ साली देशाचे लक्ष बांगलादेशच्या युद्धाकडे लागले होते. किनारी राज्यांत समित्या नेमल्या गेल्या, त्यांनी अहवाल दिले आणि ते अहवाल कपाटात विसावले.

१९९९ : राजधानीच हरवली

१९९९ सालचे महावादळ अचानक आले, असे म्हणता येत नाही. २५ ऑक्टोबरपासून हवामान खाते त्याच्या मागावर होते व इशारे दिले जात होते. पण त्याच महिन्यात, १७ तारखेस, गोपाळपूरच्या बाजूस एक वादळ येऊन गेले होते. राज्याची यंत्रणा तिकडे गुंतली होती. उत्तरेकडील जिल्ह्यांत, एक वादळ तर होऊन गेले, आता दुसरे कुठले, अशी लोकांची समजूत होती. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागातल्या ज्या वाड्या समुद्राला लागून होत्या, तेथे पक्की इमारत औषधालाही सापडत नव्हती. 'सुरक्षित स्थळी जा' असे सांगितले, तरी ते स्थळ कोठे आहे हे सांगणारा कोणी नव्हता. रेडक्रॉस संस्थेने बांधलेली वीसेक निवारागृहे तेवढी सबंध किनाऱ्यावर उभी होती. त्यांच्या आश्रयाला जे हजारो लोक पोहोचले, ते वाचले.

२९ तारखेच्या सकाळी वादळ पारादीपच्या नैर्ऋत्येस जमिनीवर आले आणि पुढे सरकण्याऐवजी तेथेच घुटमळत राहिले. एक दिवसाहून अधिक काळ पाऊस कोसळत होता. दूरध्वनीच्या तारा तुटल्या, पोलिसांचे बिनतारी मनोरे कोसळले, वीज गेली. भुवनेश्वर येथील शासनाचा किनाऱ्यावरील जिल्ह्यांशी संबंध तुटला, आणि खुद्द भुवनेश्वरचा दिल्लीशी. कोणत्या गावात किती पाणी आहे हे जिल्हाधिकाऱ्याला ठाऊक नाही. जिल्हाधिकारी कोठे आहे हे मुख्य सचिवाला ठाऊक नाही. आणि राज्य कोणत्या अवस्थेत आहे हे केंद्राला ठाऊक नाही, अशी ती स्थिती होती. महामार्गावर झाडे आडवी पडली होती. ती कापण्यासाठी करवती हव्या होत्या, त्या नव्हत्या. धान्य कोठारात होते, पण ते नेणारी वाहने अडकली होती. आणि जी निघाली, त्यांच्यापैकी काही भुकेल्या जमावांनी वाटेतच अडविली. अनेक ठिकाणी पहिला निरोप बाहेर पोहोचविला तो हौशी रेडिओचालकांनी.

केंद्रात नवे सरकार अधिकारावर येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पंतप्रधान वाजपेयी यांनी मंत्र्यांचे एक कृतिदल नेमले व त्याची धुरा संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे सोपविली. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले फर्नांडिस आपल्या वाचकांना अपरिचित नाहीत. लष्कर, नौदल व वायुदल यांनी परिश्रमाची शर्थ केली. पण राज्य व केंद्र यांच्यातील आरोप-प्रत्यारोप थांबले नाहीत. डिसेंबरात मुख्यमंत्री गिरिधर गमांग यांना पद सोडावे लागले. मृतांपैकी सुमारे आठ हजार एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यातील होते. लाखो गुरे मेली, लाखो घरे भुईसपाट झाली, भातशेतीत समुद्राचे खारे पाणी साचून राहिले.

वादळाने मारले ते प्रथम पाण्याने. पण त्यानंतरचे कित्येक दिवस माणसे मेली ती व्यवस्थेच्या अभावाने, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

त्या वर्षीची ख्रिस्तसभा

ओडिशातील ख्रिस्ती समाजाला ते वर्ष विसरता येणारे नाही. जानेवारीत मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स व त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळण्यात आले. सप्टेंबरच्या आरंभी मयूरभंज जिल्ह्यात फादर अरुळ दास यांची हत्या झाली. या घटनेला दोन महिने होण्यापूर्वीच महावादळ आले. महागुरुस्वामी राफाएल चिनाथ यांच्या कटक-भुवनेश्वर महाधर्मप्रांतात तेव्हा दुःखाबरोबर भयही होते. तरीही कारितास इंडिया, कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस, 'कासा', लुथेरन वर्ल्ड सर्व्हिस आणि अनेक धर्मभगिनींचे संघ मदतकार्यात उतरले. प्रेते पुरणे, विहिरी उपसणे, तांदूळ व प्लॅस्टिकची छपरे वाटणे अशी कामे त्या दिवसांत संस्था-संस्थांनी केली. ज्यांच्यासाठी केली त्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती नव्हते. हे काम मिरवण्याचे नव्हे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

मात्र एक गोष्ट नोंदविली पाहिजे. वाटप करणाऱ्या संस्थांनाही समन्वयाच्या अभावाचा फटका बसला. डांबरी रस्त्यालगतच्या गावांत मदतीचे ट्रक एकामागून एक थांबत आणि तीन-चार खाड्या ओलांडून जावे लागे अशा गावांत कोणी पोहोचत नसे. सदिच्छा विपुल होती. पण नकाशा नसलेली सदिच्छा रस्त्याच्या कडेलाच खर्च होते. पुढे 'कासा'सारख्या संस्था निवारागृहे बांधण्याकडे वळल्या, त्यामागे हाच अनुभव होता.

शेजारी देशाने आधी शिकलेला पाठ

ओडिशाला हा धडा आणखी जवळून मिळू शकला असता. पूर्व पाकिस्तानात १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री आलेल्या वादळाने तीन ते पाच लाख माणसे नाहीशी केली. १९६४ साली युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत आलेले पोप सहावे पॉल त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस मनिलाकडे जात असताना मुद्दाम ढाक्याला उतरले आणि आपद्ग्रस्तांसाठी सांत्वनाचे शब्द बोलून पुढे गेले. त्या संकटातूनच तेथील कॅथलिक मदतकार्याची नव्याने बांधणी झाली व तिचेच पुढे कारितास बांगलादेश असे नामकरण झाले.

स्वतंत्र झालेल्या बांगलादेशाने १९७२ साली रेडक्रॉसच्या सहकार्याने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू केला. त्याची कल्पना साधी होती. गावातीलच माणसे निवडावयाची. त्यांना कर्णा, निशाण, रेडिओ द्यावयाचा. इशारा आला की त्यांनी सायकलवरून वा पायी घरोघर फिरावयाचे. सरकारी अधिकाऱ्यावर नसेल, तरी शेजारच्या मुलावर गावकऱ्याचा विश्वास असतो. आज या कार्यक्रमात पंचाहत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत व त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया आहेत. स्त्रियांचा हा सहभाग योगायोगाचा नव्हे. १९९१ च्या एप्रिलमधील वादळात सुमारे एक लाख अडतीस हजार लोक मेले, त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. पुरुषमाणूस घरी नसताना बाहेर कसे पडावे, परक्यांच्या गर्दीत कसे बसावे, गुरे कोणाच्या हवाली करावी, या विवंचनेत अनेकजणी घरातच राहिल्या. तेव्हापासून निवारागृहात स्त्रियांची वेगळी खोली, वेगळे शौचालय आणि गुरांसाठी जागा असावी, हा विचार पुढे आला. आपत्तीचे नियोजन करणाऱ्याला वाऱ्याइतकेच माणसाचे मनही कळावे लागते, ते असे.

नवी घडी

ओडिशा शासनाने १९९९ च्या डिसेंबर अखेरीस, म्हणजे वादळानंतर दोन महिन्यांच्या आत, आपत्तीसाठी एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. आज ते ओडिशा राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण या नावाने ओळखले जाते. संपूर्ण देशासाठीचा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली आला, हे ध्यानात घेतले म्हणजे या पावलाचे महत्त्व कळते. २००१ साली राज्याच्या पोलीस दलांतून निवडलेल्या जवानांचे खास बचाव पथक उभारण्यात आले; राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल त्यानंतर पाच वर्षांनी अस्तित्वात आले.

या यंत्रणेचे स्वरूप थोडक्यात सांगू. हवामान खात्याची सूचना भुवनेश्वर येथील नियंत्रण कक्षात येते. तेथे विशेष मदत आयुक्ताच्या देखरेखीखाली आरोग्य, वीज, रस्ते, पाणीपुरवठा, पोलीस, पुरवठा अशा सर्व खात्यांचे अधिकारी एकत्र बसतात. कोणते खाते कोणते काम करील, हे आधीच ठरलेले असते; ऐन वेळी पत्रव्यवहार करावा लागत नाही. जिल्ह्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्याकडे, गटाची गटविकास अधिकाऱ्याकडे, गावाची सरपंच व निवारागृह समितीकडे असतात. तारा तुटल्या तर उपग्रह दूरध्वनी असतो. रस्ता अडला तर यांत्रिक करवती घेतलेली पथके आधीच ठरलेल्या ठिकाणी जाऊन थांबलेली असतात. प्रसूतीचे दिवस जवळ आलेल्या स्त्रियांना आधीच रुग्णालयाच्या जवळ हलविले जाते.

किनाऱ्यावर आता आठशेहून अधिक निवारागृहे उभी आहेत. ती खांबांवर उंच बांधलेली आहेत, म्हणजे लाट खालून निघून जाते. एकेका इमारतीत हजार-दोन हजार माणसे राहू शकतात. एरवी तेथे शाळा भरते, लग्ने लागतात, बचतगटांच्या बैठका होतात. यामागे शहाणपण आहे. वर्षभर कुलूप लावून ठेवलेल्या इमारतीची किल्ली वादळाच्या रात्री सापडत नाही. जेथे रोज मुले शिकतात ती इमारत गावाची आपली होते. समितीतील तरुण-तरुणींना प्रथमोपचार व बचावाचे शिक्षण देतात, वर्षातून दोनदा सराव घेतात. सहा किनारी जिल्ह्यांत भोंग्यांचे १२२ मनोरे उभारण्यात आले असून, भुवनेश्वरहून कळ दाबली की ते सर्व वाजू शकतात.

कसोटीचे दिवस

२०१३ चा फायलिन ही या घडीची पहिली मोठी परीक्षा. दसऱ्याचे दिवस होते. शासनाने किनारी जिल्ह्यांतील कर्मचाऱ्यांच्या सुट्ट्या रद्द केल्या. परदेशांतील काही संस्था १९९९ पेक्षाही मोठ्या संकटाचे भाकीत करीत होत्या. भारतीय हवामान खाते मात्र स्वतःच्या अंदाजावर ठाम राहिले आणि तो अंदाज बरोबर ठरला. सुमारे दहा लाख लोक वादळापूर्वी हलविले गेले. काही ठिकाणी न निघणाऱ्यांवर पोलिसांना सक्ती करावी लागली. पण बहुतेक लोक आपणहून निघाले. कारण १९९९ ची आठवण प्रत्येक घरात होती आणि चालून जाण्याच्या अंतरावर एक पक्की इमारत होती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आपत्तिनिवारण कार्यालयानेही या कामाची वाखाणणी केली.

३ मे २०१९ रोजी पुरीजवळ 'फणी' हे वादळ आले. लोकसभेच्या निवडणुका चालू होत्या. मदतकार्यात अडथळा येऊ नये म्हणून निवडणूक आयोगाने अकरा जिल्ह्यांपुरती आचारसंहिता शिथिल केली. सुमारे बारा लाख लोक हलविले गेले. सव्वीस लाखांच्या आसपास संदेश भ्रमणध्वनींवर पाठविले गेले. त्रेचाळीस हजारांच्या घरात स्वयंसेवक राबले. चौसष्ट माणसे दगावली. त्या प्रत्येकाच्या घरी हा आकडा लहान नव्हता. तरीही ताशी १७५ किलोमीटरच्या वाऱ्यासमोर, दाट वस्तीच्या प्रदेशात, एवढ्यावर निभावणे हे वीस वर्षांच्या चिकाटीचे फळ होते. २०२४ साली राज्यात सत्तापालट झाला आणि त्याच ऑक्टोबरात 'दाना' वादळ भितरकनिकाजवळ आले. नव्या शासनाने जुनीच पद्धत चालविली व सुमारे सहा लाख लोकांना आधीच सुरक्षित ठिकाणी नेले. सत्ता बदलली तरी टिकते, तीच खरी व्यवस्था.

जे अजून सुटले नाही

येथे आरती ओवाळून लेख संपविणे सोपे होते. पण ऑक्टोबर २०१८ मधील 'तितली' वादळाची हकीकत सांगितल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाही. आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर आलेले हे वादळ अनपेक्षित वळण घेऊन ओडिशाच्या गजपती जिल्ह्याच्या डोंगरांत शिरले. तो सौरा आदिवासींचा प्रदेश. तेथील लोकसंख्येत ख्रिस्ती बांधवांचे प्रमाणही मोठे आहे. बारघरा या गावातील काही कुटुंबे पावसापासून बचावासाठी एका गुहेत जाऊन बसली. दरड कोसळली आणि डझनभर माणसे तिच्याखाली गाडली गेली. राज्यात साठांहून अधिक बळी गेले. निवारागृहे, भोंगे, सराव हे सर्व किनाऱ्यावर होते. डोंगरात वादळ येऊ शकते, असा विचार यंत्रणेने पुरेसा केलाच नव्हता. आपत्ती जेथे पूर्वी आली तेथेच आपण पहारा ठेवतो, आणि ती ज्या दाराने येते तेथे बहुधा सर्वांत गरीब माणूस राहत असतो.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. माणूस वाचतो, पण त्याची नाव, जाळे, नारळाची झाडे, पानमळा आणि मातीचे घर वाचत नाही. निवारागृहातून तो बाहेर येतो तो कर्जाच्या दारात. कित्येक तरुण मग सुरत, केरळ वा बंगळूरची वाट धरतात. केवळ जीव वाचविणे ही व्यवस्थेची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. आणि तिसरी गोष्ट खारफुटीची. १९९९ च्या वादळात केंद्रपाडा जिल्ह्यातील ज्या गावांसमोर खारफुटीचे जंगल शिल्लक होते, तेथे मृत्यू कमी झाले, असे पुढील अभ्यासात आढळले. सर्वांत स्वस्त निवारा निसर्गानेच बांधून ठेवलेला असतो, आणि तोच आपण प्रथम तोडतो.

आपला किनारा

'हे सारे पूर्वेकडचे; अरबी समुद्र शांत आहे', असे आपल्याकडे म्हटले जाई. इतिहासाची साक्ष तशी नाही. १६१८ च्या मे महिन्यात वसईवर आलेल्या वादळाचे भयंकर वर्णन ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे. घरे, चर्च व मठ उद्ध्वस्त झाले आणि वाड्या-बागा उन्मळून पडल्या. अलीकडचे सांगावयाचे, तर नोव्हेंबर २००९ मधील 'फयान'ने कोकणातील मच्छीमारांना भर समुद्रात गाठले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतके तीव्र वादळ येण्याचा प्रसंग शतकाहून अधिक काळात आला नव्हता. रायगड व रत्नागिरीतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते'ने मुंबईजवळच्या खोल समुद्रात पी-३०५ हा कामगारांचा तराफा बुडविला व सत्तरांहून अधिक जीव गेले. वादळ येणार हे कित्येक दिवस आधी जाहीर झालेले होते. ज्ञान आणि पोच यांमधील दरी आपल्या दारातही आहे, हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

शासनाची कामे शासनाने करावीत, हे खरे. पण ओडिशाचा व बांगलादेशाचा अनुभव सांगतो की, शासनाचा हात शेवटच्या घरापर्यंत पोहोचतो तो शेजाऱ्याच्या हातातून. अर्नाळा, नायगाव, उत्तन, गोराई, मनोरी अशा किनाऱ्यावरील धर्मग्रामांत आपल्या चर्चच्या व शाळांच्या पक्क्या इमारती आहेत. त्यांची घंटा सर्वांना ऐकू जाते. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला वृद्ध आहे, कोणती सून बाळंतपणाच्या दिवसांत आहे, कोणाचा मुलगा होडीवर गेला आहे, हे आपल्या भगिनींना व छोट्या प्रार्थनासमूहांना तोंडपाठ असते. ही माहिती कागदावर उतरवून तहसील कचेरीच्या आराखड्याशी जोडणे, हॉलची किल्ली कोणाकडे आहे हे सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांना सांगून ठेवणे, पावसाळ्यापूर्वी एकदा व दिवाळीपूर्वी एकदा सराव करणे, याला फारसा खर्च येत नाही. खाडीलगतची खारफुटी राखण्याला तर काहीच येत नाही. फक्त मातीच्या भरावाला वेळीच विरोध करावा लागतो.

शेजारधर्माची गोष्ट निघाली की आपल्याला चांगला शोमरोनी आठवतो. रस्त्यात जखमी पडलेल्यापाशी तो थांबला, जखमा बांधल्या, स्वतःच्या खर्चाने त्याला उताराशाळेत ठेवले. आपल्या दयाकार्याचा तोच नमुना आहे व तो राहावा. परंतु पवित्र शास्त्रात त्याच्या जोडीला आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे आपले तितके लक्ष जात नाही. मिसर देशातील योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्याची कोठारे भरली. त्या वेळी कोणीही भुकेला नव्हता, कोणी रडत नव्हते, कोणी त्याचे आभार मानले नाहीत. पुढे दुष्काळ आला तेव्हा त्या कोठारांनी मिसर देश वाचविला, आणि ज्यांनी त्याला विकले होते ते भाऊही त्याच धान्यावर जगले. ओडिशाने वीस वर्षांत जे केले ते योसेफाचे काम होते. फायलिनच्या दिवशी ज्यांचे प्राण वाचले, त्यांना निवारागृहाचा नकाशा काढणाऱ्या कारकुनाचे नाव ठाऊक नाही. आपल्या धर्मग्रामांतही अशा बिननावाच्या कामाला माणसे हवी आहेत, आणि त्यासाठी पुढच्या वादळाचे नाव वर्तमानपत्रात येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.